डोंबिवलीला येऊ नकोस

डोंबिवली (पूर्व),
अक्षय्य तृतीया

चि. सौ. सोनूस,


काल तुझ्या आईचा, आक्काचा फोन आला. तुझी बदली पक्की झाली, जूनमध्ये भायखळ्याच्या इस्पितळात हजर व्हायचं, हे ऐकून फार बरं वाटलं. पण आक्का लगेच म्हणाली, "तिकडची भाडी ऐकून पोरीच्या डोळ्याला डोळा नाही. तुझ्याजवळ डोंबिवलीतच बघ की एखादी जागा. स्वस्त पडंल, आणि तुझी नजरही राहील." मी तिला हो-नाही काहीच बोलले नाही. तुला मात्र स्पष्ट लिहिते. तू डोंबिवलीला येऊ नकोस.

तू माझ्या दाराशी असावीस असं मला किती वाटतं ते तुला ठाऊक आहे. तरीही नको म्हणते, कारण इथलं स्वस्त भाडं कुणाच्या अंगावर पडतं ते मी नोकरीची सगळी वर्षं पाहिलंय.

आपण हिशेबच मांडू. भायखळा-लालबागकडे वन रूम किचनचं भाडं तुला 36,000 सांगितलं. तेवढ्यात लातूरला अंगण-गच्चीसकट बंगला मिळेल हे तुझं म्हणणं खरंच आहे. माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये 14,000 ला जागा आहे, आणि भांडुपला माझ्या ओळखीच्या बाईंची 22,000 ला. डोंबिवलीहून तुझं इस्पितळ म्हणजे घरापासून वॉर्डापर्यंत दीड तास धर. जाऊन-येऊन तीन, महिन्याच्या पंचवीस ड्यूट्यांचे 75 तास. भांडुपहून एक-एक तास, म्हणजे 50. मधले 25 तास म्हणजे आठ तासांच्या तीन ड्यूट्या. डोंबिवलीत राहून 8,000 वाचवशील, पण त्यासाठी दर महिन्याला तीन ड्यूट्या जास्तीच्या करशील, त्याही गाडीत उभं राहून, आणि त्यांची नोंद कुठल्याच मस्टरवर होणार नाही. पासाचे पैसे किरकोळ असतात म्हणून लोक लांबचं घर स्वस्त समजतात. माणसाचे तास त्या हिशेबात कुणी धरत नाही.

आणि ते तास घरातल्या सगळ्यांचे सारखे जात नाहीत. संध्याकाळच्या लेडीज डब्यात बायका मेथी निवडतात, वाटाणे सोलतात. त्याचं कौतुक फार होतं, फोटो छापून येतात. मला त्याचं कौतुक कधीच वाटलं नाही. घरी पोचल्यावर अर्ध्या तासात कुकर लावायचा असतो आणि दुसरं कुणी भाजी निवडणार नसतं, म्हणून ती मेथी गाडीत येते. त्यात तुझी नोकरी पाळीची. आफ्टरनून संपवून निघालीस की इथं पोचायला मध्यरात्र. आणि रात्री साधारण एकनंतर गाड्या थांबतात त्या पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. चार्ज द्यायला उशीर झाला आणि शेवटची गाडी चुकली तर काय करशील, हा विचार रोज डोक्यात ठेवून पेशंटकडे लक्ष कसं देशील?

या शहरात जागेची टंचाई नेहमी कुणाच्या तरी कष्टातून भागवली गेली. गिरणगावात एकाच खोलीत गावाकडचे कितीतरी पुरुष पाळीपाळीनं झोपायचे, आणि दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बाया डझनावारी गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालायच्या. त्या खाणावळवाल्या बायकांच्या कष्टांची दखल घेऊन प्रेमाताई पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तोवर कितीक वर्षं ते काम 'घरचं' म्हणूनच खपत होतं. म्हणून सांगते, भाड्यातून वाचलेला रुपया कुणाच्या झोपेतून, कुणाच्या पाठीतून येतोय ते जावईबापूंसमोर बसून, कागदावर मांडून ठरवा. त्यांचं इथलं काम लागेपर्यंत तुझ्या एकटीच्या पगारावर घर चालणार आहे. 36,000 झेपणार नाहीत, तो विषय सोड. घरभाडे भत्ता वाढेल, पण तो तुझ्या मूळ वेतनाच्या टक्क्यानं वाढतो, गल्लीतल्या भावानं नाही. माझं मत भांडुपच्या बाजूनं आहे. क्वार्टरचा अर्ज मात्र हजर होशील त्याच दिवशी टाक. यादी कितीही लांब असली तरी नाव लागलेलं असावं.

लालबागला ज्या चाळीत तू खोली बघितलीस तिथले शेजारी महिना काहीशे रुपये भाडं देतात हे ऐकून तुला राग आला, असं आक्का म्हणाली. राग येणारच. पण ते लोक तुझ्या वाट्याचं काही खात नाहीत. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. त्या वेळी युद्ध आणि फाळणीनं शहरात माणूस मावत नव्हता, म्हणून ते गरजेचंच होतं. पण बांध पुढं तसाच राहिला. मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, आणि जागेचा खरा भाव पागडीतून वसूल व्हायला लागला. 1973 च्या दुरुस्तीनं 1 फेब्रुवारीला जे लिव्ह अँड लायसन्सवर राहत होते त्यांनाही कायमचे भाडेकरू ठरवलं. तेव्हापासून मालकाच्या मनात धसका बसला की आत आलेला माणूस परत जात नाही. कितीतरी जागा कुलपात राहिल्या. आज नवा कायदा आहे, 1999 चा. तो मालकाला भरपूर संरक्षण देतो. तरी तुझ्या हातात पडणारा करार अकराच महिन्यांचा असेल, त्यात तो जुना धसका अजून आहे. घरमालक तुझ्याशी तुटक बोलला, नवऱ्याची नोकरी, गाव, जेवण्याखाण्याची चौकशी केली, तर मनाला लावून घेऊ नकोस. जात विचारली तर मात्र उठून ये. तसल्या माणसाच्या घरात एक रात्रही काढायची नाही.

अकरा महिन्यांवर थांबू नकोस. तीन वर्षांचा करार माग आणि दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार ते त्यातच लिहून घे. तुझी पोरगी यंदा पहिलीत जाईल. दर उन्हाळ्यात घर बदलायचं म्हणजे तिची शाळाही सुटत जाणार, आणि दलाल एक महिन्याचं भाडं पुन्हा मागणार. करार नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे, आणि नोंदणी नसली तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हे 55 व्या कलमात आहे. "नोटरी करून टाकू, चालतं" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हण. आधार आणि अंगठ्यावर नोंदणी आता घरबसल्या होते. मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर 0.25 टक्के. 22,000 भाडं आणि एक लाख डिपॉझिटवर अकरा महिन्यांचे सहाशे-साडेसहाशे रुपये होतात, वर नोंदणीचे 1,000. तीन वर्षांना मुद्रांक शुल्क तिपटीहून थोडं जास्त. याउपर एजंट जे मागेल ती त्याची मजुरी, ती आधी विचारून घे. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि दलाली मिळून 1,44,000 घरात पहिला दिवा लावायच्या आधीच हातातून जातील, टेंपोचं भाडं वेगळं. त्यातलं डिपॉझिट परत येतं, म्हणून ते रोख देऊ नकोस, बँकेतून दे. आणि राहायला जाण्याआधी भिंती, नळ, खिडक्या सगळ्याचे फोटो काढून मालकाला पाठव.

पाण्याचं तुला मी काय सांगणार? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी तू हंड्यांनी भरलंस. पण मुंबईत समुद्र बघून माणसं पाणी विचारायला विसरतात. नळाला किती वाजता, किती वेळ पाणी येतं, टँकर लागतो का आणि त्याचं बिल कोण भरतं, हे मालकाला नको, मधल्या मजल्यावरच्या बाईला विचार. बरं झालं, घर बघायला तू या दिवसांत येतेस. पाण्याची खरी स्थिती उन्हाळ्यातच कळते. गळती पावसात कळते, म्हणून छताला एखादा चौकोनच नव्यानं रंगवलेला दिसला तर तो नीट बघ.

आता सामानाचं. आक्का वर्षाची ज्वारी, गहू, डाळी, कुरडया, तिखट सगळं बांधून द्यायला निघाली आहे. घेऊ नकोस. साडेतीनशे फुटांच्या जागेला 22,000 म्हणजे फुटाला महिना 63 रुपये. चार फुटांत मावणारी कोठी तुला महिन्याला अडीचशे रुपये भाड्याची पडेल, वर्षाचे तीन हजार. आणि इथल्या पावसाळी हवेत त्या धान्याला श्रावणापर्यंत सोंडे लागतील ते निराळंच. तिला सांग, दोन महिन्यांचं दे, कुणी येणारं-जाणारं असलं की पुढचं पाठव. सागवानी कपाटही तिथंच राहू दे. जिन्याचं वळण फुटपट्टीनं मोजल्याशिवाय मोठं लाकूड टेंपोत चढवायचं नाही. शिलाई मशीन आण. पडदे, पोरीचे कपडे, उशांचे अभ्रे, सगळं तुला घरीच जमतं.

एक गोष्ट तू आक्काला बोलली नाहीस, पण मला माहीत आहे. दर महिन्याला तू आक्का-भाऊजींना जे पाठवतेस ते या वर्षी निम्मं होईल. ते तू तोंडानं सांग. गप्प राहून, दोन महिने उसनवारी करून तेवढेच पाठवत राहिलीस तर तिसऱ्या महिन्यात कर्ज होईल आणि त्यांना कळेल ते भलत्याच तोंडून. आक्काला मी ओळखते. आकडा ऐकून ती दोन दिवस गप्प बसेल आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणेल, पोरीला लागतील तेवढे ठेवू दे. भाऊजींच्या औषधांचं या वर्षीचं मी बघते. त्यावर वाद घालू नकोस.

येत्या रविवारी ये. सकाळी गाडीतून उतरलीस की थेट भांडुपलाच ये, मी स्टेशनवर तिकीट खिडकीपाशी थांबते. आधी त्या बाईंची जागा, मग त्याच गल्लीतल्या आणखी दोन. दोघांचे आधार, पॅन, तुझा बदलीचा आदेश आणि तीन पगारपत्रकं, सगळ्याच्या दोन-दोन प्रती आण. पोलीस पडताळणीलाही त्याच लागतात. जागा पसंत पडली तरी त्या दिवशी टोकन पाच हजारांवर देऊ नकोस, आणि पावती घेतल्याशिवाय तर एक रुपयाही नाही.

जावईबापूंना नमस्कार, पोरीला गोड पापा.

तुझी,
मावशी