९८ सेंटिमीटर

आज्जीनं लॅपटॉपकडं बघितलंच नाही. माझ्या मांडीवरचा विणलेला भाग उचलला, दोन्ही हातांनी ताणला, मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हे माप तुझं न्हवं बाळ. कुणाचं घेतलंयस?"

माझंच होतं. म्हणजे मी स्प्रेडशीटमध्ये तसं लिहिलं होतं. छाती : ९१.

एप्रिल चालू होता. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराची वरची खोली पत्र्याची आहे. दुपारी दोनच्या मीटिंगला बसलं की पाठीवरून घामाचे ओघळ सुटतात. मला एक साधा, बिनबाह्यांचा, हलका सुती टॉप हवा होता. ऑनलाइन तीन मागवले, तिन्ही परत केले. छातीला बसणारा घेतला की काखेचं भोक इतकं मोठं, की हात वर केला की सगळं दिसणार. काखेला बसणारा घेतला की श्वास घेता येईना. रेडिमेड कपड्यांचा एकच मूळ नमुना असतो आणि बाकीचे साइज तो ठरावीक प्रमाणात वाढवून काढलेले असतात. छाती वाढली की काखही वाढते. माणसं मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत.

म्हणून क्रोशा. घरात सुया होत्याच. दारावरचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल, तांब्यावर घालायचा मणी लावलेला जाळीचा रुमाल, सगळं आज्जीच्या हातचं. आता तिची बोटं सांध्यांत सुजतात, सुई धरवत नाही. "पण अंगात घालायचं मी कधी केलं न्हाई," ती म्हणाली. "रुमालाला माप नसतंय बघ. कशावरबी बसतोय."

इथून तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी. यंत्रमागावर रोज मैलोन्‌मैल कापड निघतं. पण त्या कापडात उभे-आडवे धागे असतात. अंगाला बसवायचं तर ते कापावं लागतं, शिवावं लागतं. क्रोशात कात्री नाही. एकच धागा, एकच सुई आणि आकार सगळा मोजणीत. इथं दोन खांब वाढवा, तिथं एक कमी करा. खरा क्रोशा करणारं मशिन कारखान्यांत अजून नाही. दुकानात क्रोशाचा टॉप दिसला तर तो एकतर दुसऱ्या विणकामाची नक्कल असतो, नाहीतर कुठल्यातरी बाईनं हातानं केलेला असतो. आंध्रात नरसापूरला बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात, ती परदेशात जाते. मारिया मीस यांनी १९८२ च्या ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ या पुस्तकात दाखवलं, की या कामाकडं गृहिणींचा फावला वेळ म्हणूनच बघितलं जातं. मी आज्जीला हे सांगितलं. ती म्हणाली, "फावला वेळ? मला कधी मिळाला हुता?"

पहिली चूक धाग्याची झाली. महाद्वार रोडवरून मी आधी अॅक्रिलिकची लोकर आणली. रंग सुंदर, पण ते प्लास्टिकच. घाम शोषत नाही. मग बारीक मर्सराइज्ड सुती दोरा आणला. सुताला कॉस्टिक सोड्यातून काढलं की ते गुळगुळीत आणि चमकदार होतं. अडीच मिलिमीटरची सुई घेतली आणि आधी नुसता एक चौकोन विणला. दहा सेंटिमीटरमध्ये बावीस खांब, अकरा ओळी. तो धुतला, वाळवला, मग खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर दोरीवर टांगला. सकाळी दहाचे अकरा सेंटिमीटर झाले होते. सूत लोकरीसारखं मागं येत नाही, स्वतःच्या वजनानं उतरत जातं. म्हणजे काखेपासून खाली ३४ सेंटिमीटर लांबी हवी असेल तर ३१ च विणायचं.

एवढं सगळं काटेकोर केलं. आणि मग छातीच्या खान्यात ९१ लिहिलं.

९१ हे माझं दोन वर्षांपूर्वीचं माप. मधल्या काळात थायरॉइड निघाला, गोळ्या सुरू झाल्या, वजन वाढलं. घरातल्या लग्नात एक काकी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पुण्याचं पाणी मानवलं की गं!" मी हसले. त्यानंतर टेप हातात घेतलीच नाही. प्रोग्रॅममध्ये चुकीचा आकडा गेला की उत्तरही चुकीचंच येतं, हे मी कामावर नव्या मुलांना शिकवते. इथं मीच माहीत असून चुकीचा आकडा दिला होता. १९२ टाक्यांच्या अठरा ओळी. साडेतीन हजारांच्या आसपास खांब, दोन वर्षांपूर्वीच्या मुलीसाठी.

"आण टेप," आज्जी म्हणाली.

मी ताठ उभी राहिले. तिनं टेप पाठीमागून घेतली, पुढं आणली आणि थांबली.

"श्वास सोड. पोट आत घिऊन जगणार हायस काय?"

मी सोडला. ९८. तिला चष्म्याशिवाय आकडा दिसत नव्हता, मलाच वाचावा लागला. ती काही बोलली नाही. चांगली तब्येत नाही, बारीक हो नाही. फक्त म्हणाली, "लिहून ठेव. न्हाईतर परत इसरशील."

उसवायला वीस मिनिटं लागली. उसवलेला दोरा नूडल्ससारखा वाकडा झाला होता. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लडी केली, भिजवली, वाळवली. गुंडी करताना लडी आज्जीनं दोन्ही हातांवर धरली. मी दोऱ्याची ओढ जास्त देत होते. "हळू," ती म्हणायची, "बोटं दुखत्यात."

अंगावर घातल्यावर सूत सैल पडतं, म्हणून ९८ मधून ४ वजा. ९४ गुणिले २.२, म्हणजे २०६.८. सम आकडा हवा म्हणून २०८. त्यातले पुढं १०८, मागं १००, कारण मीही दोन्हीकडून सारखी नाही. छातीपाशी फक्त पुढच्या भागात दोन अर्ध्या ओळी घातल्या. त्या नसल्या तर पुढची कड वर उचलली जाते आणि आपण दिवसभर टॉप खाली ओढत बसतो. काखेला मात्र टाके नेहमीच्या मापानं घटवले. छाती वाढली म्हणून काख वाढवायची गरज नव्हती. चौतीस ओळी, खांद्याचे पट्टे, कडेला मुक्या खांबांची एक ओळ. शेवटी ओला करून टॉवेलवर पसरला, टाचण्या लावल्या आणि रात्रभर पंख्याखाली ठेवला.

बसला. हात वर केले, खाली वाकले, मीटिंगला बसले. वजन असेल दोनशे ग्रॅम. आई म्हणाली, "वरनं शर्ट घाल." संध्याकाळी रंकाळ्यावर जाताना मी शर्ट घातला. पदपथावर गर्दी होती, शर्ट काढला नाही. मान्य करते. दंडांचं माप घ्यायचं अजून बाकी आहे.

मे महिन्यात वळीव येऊन गेला. डावा पट्टा बोटभर उतरला होता, तो दोन ओळी उसवून परत केला. चिमट्यांनी ताणलेला पहिला चौकोन मी फेकायला काढला होता. आता तो आज्जीच्या पाण्याच्या तांब्यावर असतो.