साधी बिअर आहे का?

ही पोस्ट टाकू का नको, याचा आठ दिवस विचार केला. आमच्या गुरुजींपासून सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत सगळेच इथं मला वाचतात. त्यात येरमाळा म्हणजे येडाईचं गाव, चैत्री पौर्णिमेला महाराष्ट्रभरातून लोक येतात. "पाणी, पीकविमा, सोयाबीनचा भाव सोडून याला बिअरचं पडलंय" ही पहिली कमेंट कोण करणार, त्याचं नावसुद्धा मला माहीत आहे. पीकविम्यावर मी वर्षभर लिहितोय, दादा. एक दिवस हे वाच.

झालं असं. पुण्याचा जुना मित्र देवीच्या दर्शनाला येणार होता. दर्शन झालं की एक रात्र शेतात मुक्काम. अकरा वर्षं पुण्यात नोकरी करताना आम्ही दोघं महिन्यातून एखाद्या शनिवारी एकेक ग्लास घ्यायचो, तेवढंच आमचं व्यसन. म्हटलं, दोन डबे गव्हाच्या बिअरचे आणून ठेवू.

पहिल्या दुकानात विचारलं, "साधी बिअर आहे का? कमी पॉवरची?"
"स्ट्राँग हाय."
"स्ट्राँग नको."
"मंग दुसऱ्या कंपनीची स्ट्राँग देऊ का?"

मस्करी नाही. माणूस गंभीर होता. बारशीला कामाला गेलो होतो, तिथं दोन ठिकाणी विचारलं. मग कळंब. धाराशिवला एका ठिकाणी फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्यांमागे एक डबा दिसला. एकच. उलटा करून तारीख बघितली तर मुदत संपून दोन महिने झालेले. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "दारू जितकी जुनी तितकी भारी असती, भाऊ." व्हिस्की लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात ते खरं, पण बिअरचं उलटं आहे. ती भाकरीसारखी, ताजी असली तर खरी. उन्हाने, उजेडाने, उकाड्याने तिची चव जाते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आणि आमच्याकडं लाईट किती तास असते, दुकानदार रात्री फ्रीज चालू ठेवतो का बंद, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता "क्राफ्ट बिअर" हा शब्द ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. छोट्या भट्टीत, थोड्या प्रमाणात, चवीकडं लक्ष देऊन केलेली बिअर. आपल्या राज्यात हे पुण्यात सुरू झालं, २००९ साली डूलालीपासून. नंतर पुण्या-मुंबईत अशा जागा वाढत गेल्या. मी पहिल्यांदा तिथं गव्हाची गढूळ बिअर प्यायलो तेव्हा मला परकं काही वाटलंच नाही. नाकाजवळ ग्लास नेला आणि येळवस आठवली.

हसू नका. लातूर-धाराशिवच्या माणसाला येळवस सांगायला नको, पण बाहेरचे वाचत असतील तर सांगतो. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मातीच्या बिंदग्यात ताकातलं ज्वारीचं आंबील. रात्रभर आंबलेलं, लसूण-जिरं लावलेलं. तीन तांबे प्यायले की बाभळीखाली कधी डोळा लागला कळत नाही. आंबील म्हणजे दारू नव्हे, तसं म्हणणाऱ्याला माझी आईच उलथण्यानं मारील. पण धान्य आंबवून त्यातून चव काढायची, ही अक्कल आमच्या आज्यांकडं होती. जर्मनीत आंबट गव्हाची बिअर आहे, ती पिताना मला सारखं वाटत होतं की यात लसूण कमी आहे.

आणि इथं माझी खरी चिडचिड सुरू होते. हा जिल्हा ज्वारीचा. बिअर लागते जवापासून, तो मुख्यतः राजस्थानकडं पिकतो. पण ज्वारीला मोड आणून, वाळवून, भरडून तिचीही बिअर होते. आफ्रिकेत शेकडो वर्षं बायका घरी करत आल्यात. नायजेरियाने १९८८ मध्ये बाहेरून येणारं जवाचं माल्ट बंद केलं, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनाही ज्वारी आणि मक्यावर यावं लागलं. जमलं त्यांना. आपण २०२३ साली भरडधान्य वर्ष साजरं केलं, शाळेत ज्वारीच्या लाडवांची स्पर्धा झाली, फोटो आले. ज्वारीचा भाव मात्र होता तिथंच. आता कुणी म्हणेल, मग घरी करून बघ की. तसं करता येत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, परवान्याशिवाय घरात बिअर करणं गुन्हा आहे. खरं तर प्यायलाही परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा, नाहीतर आजन्म. तुमच्यापैकी किती जणांकडं आहे? मी विचारलं नाही असं समजा.

दुकानात साधी बिअर का नसते, याचं उत्तर दुकानदाराच्या स्वभावात नाही, हिशोबात आहे. स्ट्राँग म्हणजे पाच टक्क्यांच्या वर, आठपर्यंत अल्कोहोल. ६५० मिलीच्या आठ टक्केवाल्या बाटलीत निव्वळ अल्कोहोल ५२ मिली. पाच टक्क्यांच्या ३३० मिली डब्यात साधारण १६. आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये पंचाहत्तरच्या पुढं. ज्याच्या खिशात दीडशे रुपये आहेत आणि ज्याला फक्त चढायला पाहिजे, तो डबा कशाला घेईल? तो हिशोबाने बरोबरच आहे. सरकारलाही हे माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बिअरवरच्या उत्पादन शुल्काचा विचार करायला अभ्यासगट नेमला होता, कारण कर वाढला तसा खप पडला, असं म्हणणं होतं. तेव्हा सगळ्यांनी त्याची टिंगल केली, मीही एक मीम पुढं ढकललं होतं. आता वाटतं, प्रश्न चुकीचा नव्हता. जे हलकं आहे ते स्वस्त आणि जे जड आहे ते महाग असावं, एवढी साधी गोष्ट. आपल्याकडं उलटं आहे.

छोट्या भट्टीवाल्याची अडचण वेगळी. प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलची नोंदणी, तिची फी. मग वितरक. वितरक येरमाळ्याला दोन खोकी टाकायला गाडी कशाला पाठवेल? खप नाही म्हणून माल नाही आणि माल नाही म्हणून खप नाही.

बरं, विकत घेतली तरी प्यायची कुठं? बिअर शॉपीत बसता येत नाही. घरी कोण बसू देतंय. मग पोरं हायवेच्या कडेला, पुलाखाली, आपल्या बांधावर. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको, १ एप्रिल २०१७ पासून. मग वीस हजारांच्या आतल्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आणलं. हेतू चांगला होता, हायवेवर माणसं मरतात. पण बाटली हातात घेऊन मोटारसायकलवर २२० मीटर यायला किती वेळ लागतो? मागच्या उन्हाळ्यात रात्री पाणी द्यायला गेलो, सरीत फुटकी बाटली होती. पाच टाके पडले. बाटली अर्थातच स्ट्राँगची.

"प्यायला पाणी नाही अन् बिअर" या कमेंटचं उत्तरही देऊन टाकतो, कारण ती कमेंट खोटी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच महिन्यात औरंगाबादच्या बिअर-दारू कारखान्यांचं पाणी निम्म्याहून कमी करायचा आदेश हायकोर्टाला द्यावा लागला. मराठवाड्याचं पाणी बाटलीत भरून देशभर जातं, आणि मराठवाड्याच्या वाट्याला फक्त कडक माल येतो. पाण्याचा मुद्दा मला मान्य आहे, अगदी मान्य. पण मग तो सगळ्या बाटल्यांना लागू करा, माझ्या दोन डब्यांनाच नको.

हे सगळं मी चुलतीला सांगत होतो. काकूंचं सांगितल्याशिवाय ही पोस्ट पुरी होणार नाही. काका देशीने गेले, वय एक्केचाळीस. शेवटचे सहा महिने पोटात पाणी. काकूंनी पुढं शिवणकाम करून दोन लेकरं मोठी केली. २००८ च्या शासन आदेशाने बायकांना गावातलं दुकान मतदानाने बंद करायचा हक्क मिळाला, उभी बाटली का आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारायला पाहिजे, नुसत्या आलेल्यांपैकी नाही. काकू म्हणतात, "आमाला कुणी ईचारलंच नाही. ईचारलं असतं तर दोन्ही हातांनी मारला असता."

त्यांचा धाकटा, माझा चुलत भाऊ, आता सव्वीस वर्षांचा आहे. तो शनिवारी दोन स्ट्राँग घेतो. दहा मिनिटांत एक, उभ्याउभ्या, कुणी बघायच्या आत. मी म्हटलं, "काकू, हलकी मिळाली असती तर त्याने सावकाश घेतली असती, गप्पा मारत. निदान आठ टक्क्यांची तरी नसती."

त्या सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "बाळा, तुजे काका बी पयल्यांदा हलकंच घेत हुते. ताडी. ती कुठं चढती म्हणायचे."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पुण्यातल्या आम्हा दोघांना एक ग्लास पुरायचा, कारण एका ग्लासाची किंमत खिशाला लागायची आणि सकाळी नोकरीवर जायचं होतं. धाकट्याला सकाळी कुठं जायचंय? बी.कॉम. होऊन चार वर्षं झाली. चांगली बिअर त्याला नोकरी लावणार नाही. तरी मला वाटतं, ज्याला प्यायचीच आहे त्याला या भागात आठ टक्के नाहीतर देशी, एवढाच रस्ता असू नये. काकूंना हे पटत नाही. आम्ही तो विषय तिथंच सोडला आणि त्यांनी मला चहा दिला.

मित्र आला, आम्ही उसाचा रस प्यायलो. हायवेवरचा, आलं-लिंबू टाकून. तक्रार नाही.

पण मी जरा हट्टी आहे. नंतर एका ओळखीच्या दुकानदाराला म्हटलं, एक खोकं मागव. चोवीस डब्यांचं. बारा मी रोख पैसे देऊन घेतो, बारा तू ठेव, तारीख बघून आण आणि फ्रीज रात्री बंद करू नको. तो म्हणाला, "बुडालो तर?" मी म्हटलं, बुडालास तर उरलेलेही मी घेतो. महिना लागला, पण आणलं बिचाऱ्यानं. एक डबा धाकट्याला दिला. तो म्हणाला, "दादा, यात काय हायच नाही." तरी पुरा प्यायला. चाळीस मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होतो.

परवा दुकानदार भेटला. त्याच्या बारापैकी चार गेले म्हणाला. कुणी नेले ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.