भिंतीवरचा पांढरा निरोप

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधलं ते बैठं घर अण्णांनी पै-पै जोडून बांधलेलं. दर्शनी भिंतीला गिलावा नाही, नुसत्या लाल विटा. त्या विटा म्हणजे अण्णांचा अभिमान! म्हणून दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली आणि खालच्या चार थरांवर पांढरे डाग फुलले, तेव्हा ते बेचैन झाले. दर रविवारी पाइप लावून भिंत धुवायची, दोन दिवस ती लाल दिसायची, तिसऱ्या दिवशी डाग हजर.

"बुरशी आहे बाबा. दिवाळीला ताई यायच्या आत ऑइलपेंट लावून टाकू या," सून म्हणाली.

माईंची धास्ती वेगळीच होती. गावातल्या लॅन्सडाउन इमारतीचा भाग २०१२ साली कोसळून माणसं दगावली होती. ऑक्टोबर २०२२ च्या पावसात राजवाड्याभोवतीच्या किल्ल्याची भिंत ढासळली. आणि इथे भिंतीच्या पलीकडेच नातवाची खाट!

अखेर ओळखीच्या म्हाताऱ्या मेस्त्रीला बोलावलं. त्यानं डागावर ओंजळभर पाणी मारलं. डाग दिसेनासा झाला. "बुरशी असती तर अशी गेली नसती. हा लोणा," तो म्हणाला. विटेत, वाळूत, जमिनीत क्षार असतातच. पाणी त्यांना विरघळवून बाहेर आणतं. पाणी उडून जातं, क्षार भिंतीवर राहतो. काँक्रीटवर सिमेंटमधला चुना असाच पाझरतो, पण हवा लागून त्याचा टणक थर बनतो. तो सौम्य ॲसिडनं, जाणत्या माणसाकडूनच काढावा.

"भिंत पडायची नाही माई. पण ओल अशीच राहिली तर विटांचा भुगा होईल. वरून ऑइलपेंट मारलात तर ओल आत कोंडेल आणि पोपडे सुटतील." मग त्यानं खाली बोट दाखवलं. "पाणी येतंय ते इथून."

तिथे अण्णांचा गुलाबांचा वाफा होता. निवृत्तीनंतर त्यांनी भिंतीला लागून माती भरून केलेला. जोत्यावर ओल अडवणारा थर त्या मातीखाली गाडला गेला होता आणि रोजचं पाणी थेट विटांत मुरत होतं. वर रविवारची धुलाई! निघालेला क्षार पुन्हा आत जात होता.

अण्णा बराच वेळ गप्प उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कुदळ घेतली. गुलाब कुंड्यांत गेले, माती जोत्याच्या खाली उतरली. भिंत वाळल्यावर त्यांनी तारेचा नव्हे, काथ्याचा कोरडा ब्रश फिरवला आणि पडलेली पूड सुपलीत भरून टाकून दिली.

दिवाळीत लेक आली तेव्हा भिंतीवर पुसट डाग होतेच. मुरलेली ओल निघायला महिने लागतात.

"बाबा, हे काय?" तिनं विचारलं.

"निरोप आहे," अण्णा हसून म्हणाले. "मी इतके दिवस तो धूत बसलो होतो, वाचला नव्हता."