दुसऱ्यांदा पाहताना

विज्ञानकथेवरच्या जुन्या दूरचित्रवाणी मालिका आणि जपानी ॲनिमे यांचा मी फार जुना चाहता आहे. इतक्या वर्षांच्या पाहण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: या प्रकारातली चांगली मालिका पहिल्या प्रक्षेपणात अर्धीच पोचते. उरलेली अर्धी पोचायला ती पुन्हा पाहावी लागते, आणि हे पुन्हा पाहणं ज्यांनी घडवून आणलं ते चाहते तिच्या यशाचे खरेखुरे वाटेकरी आहेत. चाहता म्हणून स्वतःच्या जमातीचं कौतुक करण्यासाठी मी हे म्हणत नाही. 'स्टार ट्रेक', 'स्पेस बॅटलशिप यामातो' आणि 'मोबाइल सूट गंडम' या तीन मालिकांचं ऋण त्यांच्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक अंतराळकथेवर आहे. या तिन्ही मालिका पहिल्या फेरीत पडल्या होत्या, आणि त्यांना पाडणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्यासमोरचे आकडे खरे होते. चूक होती ती मोजण्याच्या वेळेची.

'स्टार ट्रेक' ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसीवर सुरू झाली. दुसऱ्या वर्षातच ती बंद पडणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याच्या पुढाकाराने प्रेक्षकांनी पत्रांचा असा मारा केला की मार्च १९६८मध्ये मालिका चालू राहणार असल्याचं वाहिनीला प्रक्षेपणातूनच सांगावं लागलं. पण तिसऱ्या वर्षी तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तरुण प्रेक्षक नेमका घराबाहेर असण्याची ती वेळ. १९६९मध्ये ७९ भागांवर मालिका संपली. त्यानंतर स्थानिक केंद्रांनी ती विकत घेऊन रोज संध्याकाळी दाखवायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. आठवड्याला पाच भाग धरले तर ७९ भाग सोळा आठवड्यांत संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं, तेव्हा काहीशे लोक येतील या अंदाजाच्या जागी हजारो आले. १९७६मध्ये नासाच्या पहिल्या शटलयानाचं ठरलेलं नाव बदलून 'एंटरप्राइज' ठेवलं गेलं, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच. बंद पडून सात वर्षं झालेल्या मालिकेच्या वाट्याला हे आलं. जपानमध्येही तेच झालं. 'यामातो' ऑक्टोबर १९७४मध्ये रविवारी संध्याकाळी सुरू झाली तेव्हा त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर दिग्दर्शक ताकाहाता यांची 'हायडी' घराघरांत पाहिली जात होती. ३९ भागांचा बेत २६वर आणून मालिका गुंडाळली गेली. पुनःप्रक्षेपणांनी तिला प्रेक्षक मिळवून दिले, आणि तेच भाग कापून-जोडून केलेला चित्रपट ऑगस्ट १९७७मध्ये आला तेव्हा चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या. 'गंडम' १९७९मध्ये आली, ५२च्या जागी ४३ भागांवर थांबली, आणि पुढे १९८१-८२मधल्या तीन चित्रपटांनी तिला मोठं यश मिळवून दिलं.

असं तीनदा, दोन वेगळ्या देशांत घडतं तेव्हा तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. माझ्या मते कारण या कथाप्रकाराच्या स्वभावातच आहे. कौटुंबिक मालिका पाहताना सासू कोण, भाडेकरू कोण, पोलीस कोणाचं ऐकतात हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. विज्ञानकथेत हे सगळं शिकावं लागतं, आणि पहिल्या वेळचं निम्मं लक्ष त्या शिकण्यातच खर्ची पडतं. 'स्टार ट्रेक'चा 'बॅलन्स ऑफ टेरर' हा भाग घ्या. सुरुवात यानावरच्या एका लग्नाने होते, आणि विधी पुरा होण्याआधीच धोक्याची सूचना वाजते. सीमेपलीकडच्या रोम्युलनांशी शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालेलं, पण त्यांचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. मग पडद्यावर पहिल्यांदा तो चेहरा दिसतो. टोकदार कान, वर चढलेल्या भुवया, म्हणजे थेट यानावरचा व्हल्कन अधिकारी स्पॉक याच्यासारखा. ज्याचे पूर्वज त्या युद्धात मेले तो अधिकारी स्टाइल्स वळून स्पॉककडे पाहतो, आणि तिथून यानाच्या आतलं दुसरं युद्ध सुरू होतं. हा भाग १५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. व्हल्कन हा स्पॉकचा वंश म्हणजे काय हे प्रेक्षकाला कळून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. स्पॉकवर संशय घेणं किती अन्यायाचं आहे हे मनापासून लागायचं तर स्पॉक आधी पुरेसा ओळखीचा व्हायला हवा. पत्रमोहिमा आणि पुनःप्रक्षेपणांनंतर तो तसा झाला. मग हाच भाग पाहताना शत्रूच्या सेनापतीचा थकवा दिसतो, त्याचा म्हातारा सोबती मरतो तेव्हा तो कसा वाकतो ते दिसतं, आणि त्या साऱ्या लढाईत आपल्या यानावरचा मेलेला एकच माणूस म्हणजे सुरुवातीचा तो नवरदेव, ही गोष्ट पहिल्यापेक्षा जास्त बोचते. मार्क लेनार्ड या नटाने तो सेनापती उभा केला. पुढच्या वर्षी स्पॉकचा बाप म्हणून तोच नट आला. लेखकांनी असं काही योजलं होतं असं मी म्हणणार नाही, पण मागेपुढे पाहणाऱ्याच्या मनात तो धागा जुळतोच.

'गंडम'मधला एक प्रसंग मला या मुद्द्यासाठी सर्वांत बोलका वाटतो. अमुरो हा पोरगेला वैमानिक रागाच्या भरात गंडम यंत्र घेऊन पळून आलेला आहे आणि वाळवंटातल्या एका खाणावळीत एकटाच बसला आहे. तिथे शत्रुसैन्याचा अधिकारी रांबा राल आपल्या माणसांसह जेवायला येतो. त्याची जोडीदार हामोन या मुलाच्याही जेवणाचे पैसे देऊ करते. आपण भिकारी नाही म्हणत अमुरो नकार देतो, आणि रालला पोराचा ताठा आवडतो. मग दाराशी फ्राऊ ही अमुरोची मैत्रीण सैन्याच्या गणवेशात पकडली जाते. अमुरोने वस्त्राखाली पिस्तूल धरलं आहे हे राल ओळखतो, आणि तरीही दोघांना जाऊ देतो. थोड्या वेळाने हीच दोन माणसं यंत्रांत बसून एकमेकांवर तुटून पडतात, यंत्रांची कवचं फाटतात आणि त्या भगदाडांतून त्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात. पहिल्यांदा पाहणारा या भागात यंत्रांच्या लढाईची वाट पाहत असतो, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण शनिवारी संध्याकाळी रोबोची मालिका त्याच करारावर दाखवली जायची. राल पुढच्याच भागात मरणार हे ठाऊक असलेल्याला खाणावळीतला प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येतो. 'यामातो'तही असंच आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी मानवजातीच्या नाशाला किती दिवस उरले ते सांगितलं जातं. पहिल्या वेळी तो आकडा पृथ्वीचा असतो. कप्तान ओकिता पृथ्वी नजरेच्या टप्प्यात येताच प्राण सोडतो हे कळल्यावर दुसऱ्या वेळी तोच आकडा त्या आजारी माणसाचाही होतो.

याच्या उलट बाजूचा पुरावा इंग्लंडमध्ये आहे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली 'डॉक्टर हू' लोकप्रिय होती, तरीही बीबीसीने तिच्या पहिल्या सहा वर्षांतल्या कितीतरी भागांच्या फिती पुसून टाकल्या. फिती महाग होत्या, कलाकार-संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणाला मर्यादा होत्या, आणि रंगीत चित्र आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. एकदा दाखवलं की कार्यक्रमाचं आयुष्य संपलं, हाच हिशेब. शंभराच्या आसपास भाग त्यात गेले. पण त्यातल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही चाहत्यांनी घरी टीव्हीवरून तो टेपवर उतरवून घेतला होता. मालिकेचा नायक डॉक्टर याचा दुसरा अवतार ज्या कथेतून आला त्या 'द पॉवर ऑफ द डालेक्स'च्या सहा भागांपैकी एकही शिल्लक नाही. २०१६मध्ये त्याच ध्वनिफितींवर नवी चित्रं काढून ती कथा पुन्हा उभी केली गेली. परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रतींचा शोध अजून चालू आहे. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ भाग परत मिळाले. संस्थेने टाकून दिलेलं जपून ठेवण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांना नुसते प्रेक्षक म्हणणं मला पटत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये १९७७ साली ॲनिमेप्रेमींचं मंडळ स्थापन झालं, त्याची कहाणीही इथेच सांगायला हवी. जपान आणि अमेरिका दोन्हीकडे एनटीएससी हीच चित्रप्रणाली होती, म्हणून टोकियोत मुद्रित झालेली कॅसेट अमेरिकेतल्या यंत्रावर सरळ चालायची. तिकडचे चाहते ॲनिमे पाठवायचे आणि बदल्यात इकडून 'स्टार ट्रेक' घ्यायचे. भाषा कळत नसली तरी टंकलिखित गोषवारा हातात धरून लोक पुन्हा पुन्हा पाहत. आपल्याकडे दूरदर्शनने ऐंशीच्या दशकात 'स्टार ट्रेक' दाखवली, 'जायंट रोबोट' ही जपानी मालिकाही दाखवली. पण बहुतेक ठिकाणी एकच वाहिनी, एकदाच प्रक्षेपण, व्हीसीआर मोजक्या घरांत, आणि प्रणाली पाल असल्यामुळे त्या अदलाबदलीतही आपल्याला प्रवेश नाही. त्या मालिका मराठी घरांत आवडल्या आणि लहानपणची आठवण होऊन राहिल्या. त्यांच्याभोवती वाद घालणारा, नकाशे काढणारा, पुढची गोष्ट स्वतः लिहिणारा वर्ग इथे मोठ्या प्रमाणावर उभा राहिला नाही, याचं कारण रुचीत शोधण्याआधी प्रक्षेपणाच्या वेळापत्रकात शोधावं.

यावर पहिला आक्षेप असा, की मी वाचलेल्यांची नावं घेतो आणि बुडालेल्यांची विसरतो. पडलेल्या मालिकांपैकी बहुतेक पडण्याच्याच लायकीच्या होत्या. मान्य. पडणं हा गुण आहे असं माझं म्हणणं नाहीच. पण पुन्हा दाखवल्याने काहीही मोठं होतं हेही खरं नाही, आणि त्याचा दाखला 'स्टार ट्रेक'मध्येच आहे. तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग 'स्पॉक्स ब्रेन' बाकीच्या भागांइतक्याच वेळा दाखवला गेला, त्याच प्रेक्षकांनी पाहिला, आणि आजही तो सर्वांत वाईट भागांत गणला जातो. पुन्हा पाहणं निवाडा करतं. त्यात दोषही बाहेर येतात. १९६९च्या शेवटच्या भागाची सगळी मांडणी स्त्रीला यानाची कप्तान होता येत नाही या गृहीतावर आहे. पन्नासहून अधिक वर्षं त्यावर सर्वांत कठोर टीका करणारे लोक याच मालिकेवर जीव टाकणारे आहेत. याला नुसतं स्मरणरंजन म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं, की १९७७मध्ये 'यामातो'साठी रांगेत उभे राहिलेल्यांच्या आणि मूळ प्रक्षेपणाच्या मध्ये अवघी अडीच वर्षं होती. एवढ्यात कोणी हळवं होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. 'गंडम'ला विचारांनी तारलं नाही, प्लॅस्टिकच्या खेळण्यांनी तारलं, असं म्हटलं जातं. जुलै १९८०मध्ये बंदाईने आणलेलं तीनशे येनचं जुळणी-मॉडेल दुकानांतून भराभर उडालं, हे खरंच आहे. पण मालिकेच्या वेळचा प्रायोजकही खेळणीच विकत होता आणि त्याची खेळणी खपली नाहीत. फरक हा, की बंदाईच्या मॉडेलांत शत्रूचं झाकू हे यंत्रसुद्धा तितक्याच आवडीने विकत घेतलं गेलं. झाकू विकत घेणाऱ्या मुलाने रांबा रालच्या बाजूची माणसं पाहिलेली आहेत, त्यांना नुसते खलनायक मानायचं त्याने नाकारलं आहे. विक्रीसाठी मालिकेत घुसवलेलं जी-आर्मर हे अवजड यंत्र दिग्दर्शक तोमिनो यांनी चित्रपटांतून काढून टाकलं, तेव्हा कुणीच हळहळलं नाही. बाजार होता, जोरात होता, पण काय टिकावं हे त्याने एकट्याने ठरवलं नाही.

आता सगळं केव्हाही पाहता येतं, मग हा मुद्दा कालबाह्य झाला का? मला तसं वाटत नाही. केव्हाही पाहता येणं आणि पुन्हा पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मालिका संपायच्या आत पडद्यावर दुसरी सुचवली जाते, तेव्हा मागे वळायला जागाच उरत नाही. 'काउबॉय बीबॉप' १९९८मध्ये टीव्ही टोकियोने अर्धवटच दाखवली. तिचे सगळे २६ भाग नंतर उपग्रह वाहिनीवर आले आणि २००१पासून अमेरिकेत रात्रीच्या वेळी वर्षानुवर्षं दाखवले गेल्यावर तिचं नाव झालं. ज्या सनराइजने 'गंडम' केली तिचीच ही निर्मिती. पहिल्याच भागाची सुरुवात पाहा: पाऊस, हातात फुलं घेऊन थांबलेला एक माणूस, गोळीबार, पाण्यात पडलेला गुलाब, आणि संवाद एकही नाही. नव्या प्रेक्षकाला त्यातलं काहीच कळत नाही, आणि लगेच कथा भलतीकडेच निघून जाते. त्या दृश्यांचा अर्थ शेवटच्या दोन भागांपर्यंत थोडाथोडा करून कळतो, म्हणजे ती पुरती समजायची तर सव्विसावा भाग संपल्यावर पहिल्याकडे परत यावंच लागतं. दिग्दर्शक वातानाबे यांनी मालिकेची सर्वांत मोलाची दोन मिनिटं परत येणाऱ्या प्रेक्षकाच्या भरवशावर खर्च केली, आणि 'यामातो'-'गंडम'च्या चाहत्यांनी तो भरवसा त्यांच्या आधीच वीस वर्षं सिद्ध करून ठेवला होता.