माहेरवाशीण बुलेट

माहेरी निघालेल्या लेकीकडे वेशीवर कोणी जन्मदाखला मागत नाही. पण लेक लोखंडाची आणि माहेर विलायतेत असले, म्हणजे गोष्ट निराळी. ‘बुलेट’ मोटरसायकल मूळची इंग्लंडातल्या रेडिच गावची. १९५५ साली तिथल्या रॉयल एनफील्डने मद्रासच्या एका कंपनीशी भागी केली आणि बुलेट मद्रासेत तयार होऊ लागली. १९६७ साली रेडिचचा कारखाना मिटला. मद्रासचा मात्र धडधडत राहिला. १९७७ पासून तर आपली बुलेट इंग्लंडात विकायला जाऊ लागली. लेकीनेच माहेर पोसावे, तसे झाले!

आमचे एक पुणेकर स्नेही कायमचे इंग्लंडात राहायला निघाले, तेव्हा वडिलांची १९७२ सालची बुलेट बरोबर नेण्याचा त्यांनी हट्टच धरला. वडिलांमागे गाडी त्यांच्या नावावर झाली होतीच. तिथल्या नियमाप्रमाणे बारा महिने परदेशात राहिलेल्या आणि सहा महिने स्वतः गाडी वापरलेल्या माणसाला बिऱ्हाड हलवताना जकात माफ होते. अट एवढीच, की पुढे वर्षभर ती विकायची नाही, भाड्याने वा उसनीही द्यायची नाही. वडिलांची गाडी उसनी देणारा पुणेकर अजून जन्मायचा आहे, तेव्हा ही अट त्यांना जड गेली नाही.

गाडी बंदरात उतरली, की चौदा दिवसांच्या आत महसूल खात्याला वर्दी द्यायची. त्याशिवाय नोंदणीचे दार उघडत नाही. नव्या गाडीची यांत्रिक परीक्षा होते. दहा वर्षांवरच्या, फारसे फेरफार न केलेल्या खासगी गाडीला ती माफ. चाळिशी उलटलेली गाडी ‘ऐतिहासिक’ ठरून तिचा रस्त्याचा कर शून्य होतो. पण हा शून्य भरण्यासाठीदेखील अर्ज करावाच लागतो, हे सरकार कोणतेही असो, सारखेच!

सारे कागद अखेर जातात वेल्समधल्या स्वान्सीला. टावे नदीच्या मुखाशी वसलेले हे गाव एकोणिसाव्या शतकात तांबे गाळण्यासाठी जगभर नावाजलेले होते. आज ब्रिटनभरच्या गाड्यांची कुंडली तिथे मांडली जाते. पूर्वी हे काम गावोगावच्या कौन्सिलांकडे होते. पुढे स्वान्सीच्या खात्याची स्थानिक कार्यालये होती, तीही २०१३ साली बंद झाली. त्यामुळे खिडकीपाशी उभे राहून “साहेब, जरा बघा ना,” म्हणण्याची सोय उरली नाही. ‘व्ही ५५/५’ नावाचा अर्ज भरायचा, पंचावन्न पौंड जोडायचे आणि टपालाची वाट पाहायची.

त्या अर्जात खरा प्रश्न वयाचा. १९७२ च्या जुलैपर्यंतच्या गाडीच्या नंबराअखेर ‘के’, ऑगस्टपासूनच्या गाडीला ‘एल’. वय वा कुळ सिद्ध झाले नाही, तर ‘क्यू’ हे अक्षर कपाळी येते. म्हणजे बेवारशीच! पुरावा हवा तो मूळ आर. सी. बुकाचा. छायाप्रत चालत नाही, आणि पाठवलेले बुक परत मिळत नाही.

स्नेही इथे अडले. त्या जीर्ण पुस्तकात वडिलांचे नाव होते, जुना पत्ता होता, आणि त्याखाली शिक्क्यानिशी मुलाचे नाव. चार दिवस ते टेबलावर पडून राहिले. अखेर पत्नी म्हणाल्या, “अहो, मामंजींनी गाडी चालवायला घेतली होती, पुस्तक जपायला नाही.” तेव्हा पाकीट टपालात पडले.

काही आठवड्यांनी नवा दाखला आला. नंबराअखेर ‘एल’ होता. दाखल्यावर छापलेले होते, की हा मालकीचा पुरावा नव्हे. आपल्या पुस्तकात लिहितात ‘मालक’. ब्रिटिश दाखल्यात असतो नुसता ‘कीपर’, म्हणजे सांभाळणारा. स्नेह्यांनी पत्रात लिहिले, “हे बरे आहे. मालक दादाच होते. मी सांभाळतो.”