भरलेले पोट

‘सदर सर्प गर्भवती आहे’ हे वाक्य आम्ही लिहिले तेव्हा त्या सर्पाला आम्ही दहा फुटांवरून, जेमतेम दोन मिनिटे पाहिले होते. पण वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, आणि मराठी विभागातल्या माणसांना तेवढ्याने बरेचदा समाधान लाभते.

जूनचा दुसरा आठवडा होता. नागपुरात पहिली सर पडून गेली होती आणि महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहामागे, जुन्या बाकांच्या लाकडांच्या ढिगाऱ्याशी घोणस निघाली. आमच्याकडे तिला परडही म्हणतात. अंगावर साखळीसारखे गडद ठिपके, त्रिकोणी डोके आणि कुकरची शिट्टी दाबून धरावी तसा फुत्कार. बोलावलेला सर्पमित्र आमचाच माजी विद्यार्थी निघाला. त्याने तिला आकडीने उचलून पाइपात आणि पाइपातून पिशवीत घेतले. त्या क्षणभरात सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली : तिचे पोट. अंगाच्या मानाने ते फारच जाड होते.

वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंनी लगेच विचारले, “सर, हिने पिल्लं दिली तर नसतील ना इथे?” प्रश्न अगदी रास्त होता. नाग आणि मण्यार अंडी घालतात, पण घोणस थेट पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस ते चाळीस पिल्ले ही सर्वसाधारण गोष्ट, कधी त्याहूनही जास्त. जून-जुलै हा त्यांचा मुख्य हंगाम. पिल्लू वीतभर लांबीचे असते आणि जन्मतःच विषारी असते. म्हणजे ती अजून व्यायची असेल तर साप पिशवीत आणि संकट संपले. व्याली असेल तर संकट लाकडांत पसरलेले, आणि वर खोल्यांमध्ये साठ मुली. गच्चीवर उभ्या असलेल्या कुणीतरी ‘मारून टाका, म्हणजे कटकट नको’ असेही सुचवले. मारल्याने त्या प्रश्नाचे उत्तर कसे मिळणार होते, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हाच ठरला असता.

वन विभागाला द्यायचे पत्र लिहिण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. पत्र चार ओळींचे; पण दुसऱ्याच ओळीत आम्ही अडलो. बाईला आपण गर्भवती, गरोदर, पोटुशी म्हणतो. अधिक हळुवार व्हायचे तर तिला दिवस गेले आहेत असे म्हणतो. गाय-म्हैस गाभण असते. कोंबडी अंड्यांवर येते. सापाला काय म्हणायचे? नागाच्या मादीला निदान नागीण हा शब्द आहे. घोणशीच्या मादीला तोही नाही. ‘गाभण’ आम्हांला अर्जात ग्राम्य वाटला, ‘पोटुशी’ लाडिक वाटला, म्हणून ‘गर्भवती’ लिहिले. शब्द शोधण्यात आम्ही इतके गुंतलो की त्याच्या पुढच्या ‘आहे’कडे आमचे लक्षच गेले नाही.

ते सर्पमित्राचे गेले. कागद वाचून तो म्हणाला, “सर, ‘आहे’ नका लिहू जी. पोट भरलं आहे का भरलेलं पोट आहे, हे मलाच अजून समजलं नाही.”

आम्ही वर्गात श्लेष शिकवतो. इतका नेमका श्लेष आम्हांला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. त्याला अर्थात श्लेष करायचा नव्हता. घोणस उंदरांवर जगते. मोठा उंदीर गिळून दोन दिवस पडून राहिलेली घोणस आणि पिल्लांनी भरलेली घोणस लांबून सारख्याच दिसू शकतात.

पुढचे चार दिवस सेमिनरी हिल्सवरील वन विभागाच्या उपचार केंद्राकडे आमच्या चकरा झाल्या. कामाशिवाय कुणाला आत जाऊ देत नाहीत, ते योग्यच आहे. पण तिथल्या पशुवैद्यांनी बाहेर उभे राहून आम्हांला शांतपणे समजावून सांगितले. पहिला प्रश्न फुगवटा कुठे आहे याचा. भक्ष्य जठरात असते, म्हणजे अंगाच्या साधारण मध्यावर. तो फुगवटा एकच, ठळक असतो आणि दिवसागणिक ओसरत मागे सरकतो. पिल्ले असतात अंगाच्या मागच्या भागात. तिथला फुगवटा लांबट असतो आणि ओसरत नाही, उलट वाढतो. त्या भागातले खवले एकमेकांपासून दूर होऊन मधली कातडी दिसू लागते. दिवस भरत आले की अशी मादी बहुधा खात नाही आणि उबेला जास्त वेळ पडून राहते. आणि आमच्या वसतिगृहासाठी सर्वांत महत्त्वाची खूण : व्यालेल्या मादीचे मागचे अंग रिकामे पडते, कुशी बसतात, कातडीला सैल घड्या पडतात.

यांपैकी एकही खूण एकटीने पुरेशी नाही. नुसती लठ्ठ मादीही जाड दिसते. कात टाकण्याच्या दिवसांतही साप खात नाही. पकडलेला साप तर भीतीनेच अन्न सोडतो. बिनविषारी सापाला बोटांवरून अलगद सरकू देऊन आतल्या गाठी जाणवतात का ते पाहता येते. घोणशीच्या बाबतीत तिचे डोके आणि पुढचा भाग पारदर्शक नळीत घेतल्यावाचून तो विचारही करता येत नाही. शिवाय चाचपताना बेताबाहेर दाब पडला तर आतल्या पिल्लांनाच इजा होण्याची भीती. सोनोग्राफीत पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात, अखेरच्या दिवसांत क्ष-किरण चित्रात त्यांचे सांगाडे दिसतात. पण त्यासाठीही तिला धरावे लागते, आणि धरणे हाच तिच्यावरचा सर्वांत मोठा ताण.

“पण नराशिवाय ठेवली तर?” असे आमच्यापैकी एकाने विचारले. तेही उत्तर सरळ नव्हते. सापाची मादी नराचे वीर्य महिनोन्‌महिने अंगात साठवू शकते, त्यामुळे एकटी ठेवलेली मादीही पुढे पिल्ले देते. एवढेच नव्हे, घोणशीच्या दूरच्या नातलग असलेल्या अमेरिकेतल्या दोन रानटी विषारी सापांच्या माद्यांना नराशिवायच पिल्ले झाल्याचे २०१२ साली जनुकीय तपासणीतून दिसून आले. म्हणजे पिंजऱ्याच्या नोंदवहीवरूनही पोटातले सांगता येत नाही. पाहत राहणे, तारीख घालून लिहून ठेवणे आणि उद्या पुन्हा पाहणे, एवढेच हाती उरते.

या चार दिवसांत नागपंचमीची कहाणी आम्हांला वारंवार आठवली. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात शिरतो आणि नागिणीची पिल्ले मरतात. त्याने मुद्दाम मारलेली नसतात. जमिनीखाली काय आहे हे त्याला ठाऊक नसते, इतकेच. म्हणून त्या दिवशी नांगरायचे नाही, खणायचे नाही. ज्या शहराचे नावच नाग नदीवरून पडले, जिथून दर श्रावणाच्या सुमारास माणसे पचमढीच्या नागद्वाराला जातात, तिथे ही कहाणी सगळ्यांना पाठ आहे. आम्ही ती आजवर नागिणीच्या सूडाची कहाणी म्हणून शिकवली. ती न दिसणाऱ्या पिल्लांची कहाणी आहे, हे लाकडांच्या त्या ढिगाऱ्यापाशी उभे राहिल्यावर लक्षात आले.

तिसऱ्या दिवशी घोणशीच्या विष्ठेत उंदराचे केस आढळले. मधला फुगवटा उतरला. मागचा तसाच राहिला, ताठ, घडी नसलेला. म्हणजे आम्ही जे पाहून ‘गर्भवती’ लिहिले होते, तो बराचसा उंदीरच होता. आणि तरीही आमचे वाक्य बहुधा खरे होते. चुकीच्या पुराव्यावरून बरोबर उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला किती गुण द्यावेत, हा वाद आमच्यात जुना आहे.

पिल्ले होईपर्यंत तिला ठेवावे, फोटो काढता येतील, असे काहींचे म्हणणे होते. पशुवैद्यांनी नकार दिला. ती व्याली नसल्याच्या खुणा पुरेशा होत्या. त्याहून अधिक खात्री ही तिची गरज नव्हती, आपली होती. पाचव्या दिवशी वन विभागाने तिला वस्तीपासून दूर सोडले. सर्पमित्राने जाडजूड बूट आणि हातमोजे घालून, विजेरीच्या उजेडात लाकडांचा ढिगारा एकेक फळी करून उचलला. खाली दोन बेडूक आणि उंदराचे बीळ निघाले. मुली त्या रात्री खाली जेवायला आल्या.

तिला किती पिल्ले झाली, झाली की नाही, हे आम्हांला कधीच कळणार नाही. पत्राची कार्यालयीन प्रत विभागाच्या फायलीत आहे. तिच्यात ‘आहे’ खोडून वर बारीक अक्षरात ‘असण्याची शक्यता आहे’ असे लिहिले आहे. ती दुरुस्ती आमच्या हस्ताक्षरात असली तरी आमची नाही.