नेव्हीवाले आबा

माझे आजोबा २०१९ साली वारले, तेव्हा त्यांचे वय ८९ वर्षांचे होते. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या गावात लहानथोर सारे त्यांना 'नेव्हीवाले आबा' म्हणत. नौदलात त्यांची पंचवीस वर्षे गेली आणि घरात त्याहून कितीतरी अधिक. पण पहाटे अंथरुणाची चौकोनी घडी घालणे, आपली बंडी आपणच धुणे, फाटले तर सुईदोरा घेऊन आपणच शिवणे, या खलाशी सवयी त्यांनी अखेरपर्यंत सोडल्या नाहीत. शेजारच्या बायका माईला, म्हणजे माझ्या आजीला, हसत. माई म्हणे, ''हसा खुशाल. तुमच्या घरी असा कोणी आहे का?''

१९४८ साली ते भरती झाले. आपले नौदल तेव्हा अजून 'रॉयल इंडियन नेव्ही' या नावाने ओळखले जाई. त्यातील 'रॉयल' हा शब्द २६ जानेवारी १९५० रोजी गळाला. आबांच्या वाट्याला जहाजाचा बॉयलरखाना आला. लोकांना वाटते, खलाशाला सदोदित समुद्र दिसत असतो. आबांना तो क्वचितच दिसे. ते पाण्याच्या पातळीखाली, वाफ, तेल आणि लोखंड यांच्या गदारोळात उभे असत, आणि वर सूर्य आहे की तारे आहेत, हे घड्याळ पाहून ताडत.

१९६१ साली ते इंग्लंडकडे रवाना झालेल्या तुकडीत होते. 'विक्रान्त' ही आपली पहिली विमानवाहू नौका. तिची बांधणी इंग्लंडात सुरू झाली आणि उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे पुरी झाली. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती नौदलात दाखल झाली. एवढा मोठा समारंभ. पण आबा सांगत ते तिथल्या थंडीविषयी! ''बॉयलरपाशी काम मिळालेला माणूस त्या दिवसांत भाग्यवान समजला जाई,'' असे म्हणून ते मनसोक्त हसत.

१९७१ च्या युद्धाविषयी मात्र ते हसून बोलत नसत. 'विक्रान्त'च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. बॉयलर कमी म्हणजे वाफ कमी, वाफ कमी म्हणजे वेग कमी; आणि विमान उडवायचे तर जहाजाने वाऱ्याच्या तोंडी वेगाने धावावे लागते. तशाही स्थितीत उरलेल्या तीन बॉयलरांवर ती बंगालच्या उपसागरात उतरली. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. ''वर विमान सुटले की खाली आम्हांला हादरा कळे. तेवढेच आमचे युद्ध,'' असे आबा म्हणत. मला वाटते, ते तेवढेच नव्हते.

इकडे घरी माईच्या पदरात तीन मुले. जहाज कोठे आहे, हे तिला ठाऊक नव्हते. पत्रावर जहाजाचे नाव आणि 'फ्लीट मेल ऑफिस' एवढाच पत्ता असे. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी 'विक्रान्त'च्याच शोधात आली होती आणि विशाखापट्टणमपाशी बुडाली, हे माईला युद्ध संपल्यावर समजले. ते ऐकून ती देवघरापाशी बराच वेळ नुसती बसून राहिली, असे माझी आत्या सांगते.

१९७३ साली आबा निवृत्त होऊन घरी आले, ते कान गमावून. बॉयलरखान्यातील आवाजाने त्यांची श्रवणशक्ती मंदावली होती. ओटीवर त्यांनी हौसेने आणलेले लंबकाचे घड्याळ होते. त्याची टिकटिक त्यांना ऐकू येत नसे. मग ते घड्याळाच्या पेटीवर तळहात ठेवून उभे राहत आणि ''चालू आहे,'' असे सांगत. आमच्या परीक्षेच्या दिवसांत ते आमच्या पाठीवरही तसाच हात ठेवत.

'विक्रान्त' १९९७ साली निवृत्त झाली, पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली मोडीत निघाली. ती बातमी वाचून आबा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटारसायकलीत वापरला गेला, हे कळल्यावर मात्र एस.टी. स्थानकावर तशी गाडी दिसली की ते थांबत आणि मालकाची परवानगी घेऊन टाकीवर हात ठेवत. मालक चकित होई. आबा कारण सांगत नसत. नवी 'विक्रान्त' २०२२ साली आली; ती पाहायला ते नव्हते.

माईने त्यांची पत्रे एका डब्यात जपून ठेवली आहेत. १९७१ च्या डिसेंबरातले पत्र मी परवा वाचले. पाच ओळींचे आहे. येथे सर्व क्षेम. कोठे, ते लिहिता येत नाही. मुलांना खोकला असल्यास थंड पाणी देऊ नये. विहिरीचा कठडा पावसाळ्यापूर्वी बांधून घ्यावा. पैसे पाठवले आहेत, पोचल्याचे कळवावे. आणि दर शनिवारी घड्याळाला किल्ली द्यायला विसरू नये.